रस्ता लांबचा, मुक्काम आटोपशीर

न्यू जर्सीतलं एडिसन ते कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. एका टोकाला माझी शाळेतली मैत्रीण, दुसऱ्या टोकाला धाकटे दीर, आणि मधे अख्खी अमेरिका. विमानाने सहा तासांचं काम. आम्ही गाडी भाड्याने घेऊन निघालो, कारण मधे माणसं होती: ओहायोत आत्या, शिकागोजवळ नेपरव्हिलला मावसभाऊ, सॉल्ट लेक सिटीत ह्यांचा कॉलेजातला मित्र. आय-80 हा महामार्ग न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे 2,900 मैल जातो, म्हणजे साडेचार हजार किलोमीटरच्या वर. आमचा निम्मा गोतावळा त्याच्याच आसपास पसरलेला. यलोस्टोनसाठी तेवढा आम्ही तो रस्ता सोडून उत्तरेला वळलो.

दुसऱ्यांच्या घरात राहायचं कसं, याचं बरंच शिक्षण या प्रवासात झालं. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. तिकडे आपल्या माणसांकडे जादा खोली असते, अंथरूण-पांघरूण असतं, फ्रीज भरलेला असतो. नसतो तो वेळ. पाहुण्याने जपून वापरायची वस्तू तीच. पुढचं सगळं त्यावरूनच निघतं.

1. आधी माणसं ठरवा, मग रस्ता

इकडे बसून अमेरिका एक गाव वाटते. निघताना सासूबाई म्हणाल्या, "शिकागोला जाताच आहात, तर डॅलसला माझ्या भाचीकडेही डोकावून या." शिकागोहून डॅलस म्हणजे पुण्याहून दिल्ली. तेव्हा कोणाकडे जायचंच आहे, कोणाकडे जमलं तर, आणि कोणाकडे या खेपेला नाहीच, हे घरीच ठरवावं. ज्यांच्याकडे जाणार नाही त्यांना निघण्याआधी फोन करावा. "येतोय, पण तुमच्याकडे यायला जमणार नाही" हे आपल्या तोंडून ऐकलं की माणूस समजून घेतो. तेच फेसबुकवरचे फोटो पाहून कळलं की पुढच्या लग्नकार्यापर्यंत अबोला.

2. शनिवार गृहीत धरू नका

नोकरी करणाऱ्या जोडप्याचा शनिवार म्हणजे आठवड्याचं साठलेलं काम: कपडे धुणं, लॉन कापणं, वाणसामान, मुलांचा सॉकर, एखादीचा भरतनाट्यमचा क्लास. आपण शुक्रवारी रात्री जाऊन धडकलो की हे सगळं रविवार रात्रीवर ढकललं जातं. म्हणून तारीख कळवताना "आम्ही शनिवारी येतो" असं न म्हणता "मंगळवार-बुधवार चालेल की शनिवार-रविवार?" असं विचारावं. नेपरव्हिलच्या वहिनींनी मंगळवार सांगितला. दिवसा ती दोघं आपापल्या मीटिंगांत होती, आम्ही शिकागो पाहून आलो, आणि संध्याकाळी चौघं निवांत जेवलो. शनिवारीही याहून जास्त गप्पा झाल्या नसत्या.

आणि शनिवारी गेलातच, तर त्यांच्या कामात घुसा. वाणसामानाला बरोबर जा. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान 1974 साली शिकागोच्या देवोन अव्हेन्यूवर निघालं; आज भारतीय वस्ती असलेल्या बऱ्याच मोठ्या शहरांत त्यांची शाखा सापडते. तिथल्या भाजीच्या रांगेत भेंडी निवडता निवडता जेवढं मन मोकळं होतं, तेवढं सोफ्यावर समोरासमोर बसून होत नाही.

3. वेळ सांगायची ती यजमानाच्या घड्याळाने

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना घड्याळ तीनदा एकेक तास मागे जातं. साउथ डकोटात तर राज्याच्या मधोमधच वेळ बदलते. "आठपर्यंत पोचतो" म्हटलं, तर कुठले आठ? फोन आपोआप वेळ बदलतो, डोकं बदलत नाही. आम्ही दर मुक्कामाआधी "तुमच्या घड्याळाने साडेसात, जेवायला थांबू नका" एवढा एकच मेसेज टाकायचो. त्यातली दुसरी अर्धी ओळ जास्त महत्त्वाची. मराठी घरात पाहुणा यायचा म्हणजे त्याच्यासाठी जेवण खोळंबतंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची शाळेची बस कोणासाठी खोळंबत नाही.

4. दोन रात्री पुरेत

एका रात्रीत भेट होत नाही, नुसती झोप होते. तिसऱ्या दिवशी यजमानीण "आज काय करू?" असा विचार करायला लागते. दोन रात्रींत एक जेवण तिच्या हातचं, एक आपल्या हातचं, एक बाहेरचं. हिशोब बसतो. आग्रह होतोच, "अजून एक दिवस राहा ना." अशा वेळी पुढचं बुकिंग कामाला येतं.

5. दोन घरांच्या मधे एक मोटेल

घरामागून घर केलं की चेहऱ्यावरचं हसू दुखायला लागतं. प्रत्येक ठिकाणी तीच खुशाली, तेच "मुलाचं लग्न कधी?", तेच पुण्याच्या ट्रॅफिकचं वर्णन. शिवाय नवरा-बायकोला भांडायला जागा लागते. रस्ता चुकला कोणामुळे, हे यजमानांच्या गेस्टरूममध्ये कुजबुजत ठरवता येत नाही. वायोमिंगमधल्या एका मोटेलात आमचं सगळं साचलेलं भांडण तासाभरात मिटलं. काउंटरवर गुजराती गृहस्थ होते. तिकडच्या मोटेलच्या धंद्यात गुजराती मंडळी फार. त्यांनी विचारलं, "चहा घेणार?" त्यांच्याशी आमचं काहीच नातं नव्हतं, त्यामुळे त्या चहाला कसलं दडपणही नव्हतं.

6. घराचे नियम पहिल्या तासातच विचारा

चप्पल-बूट कुठे काढायचे, हे दारातच कळतं. बाकीचं विचारावं लागतं. सिंकमधल्या डिस्पोजलमध्ये काय टाकायचं नाही (भात आणि कांद्याची सालं तर नाहीच). कुठला कचरा कुठल्या डब्यात. एसीचं तापमान कोण बदलतं. रात्री गाडी रस्त्यावर ठेवली तर चालते का. काही वसाहतींत सकाळी दंडाची चिठ्ठी लागलेली असते.

आणि फोडणी. लाकडाची घरं, छताला धुराचा अलार्म, आणि आपली मोहरी-मिरची. एडिसनच्या मैत्रिणीची पद्धत ठरलेली: आधी गॅसवरचा पंखा, मग स्वयंपाकघरातलं सरकतं काचेचं दार, आणि अलार्मखाली जेवणाच्या खुर्चीवर टॉवेल घेऊन उभा तिचा मुलगा. तेल तापलं की ती ओरडते, "रेडी?" तो टॉवेल फिरवायला लागतो, तेव्हा मिरच्या पडतात. परक्या स्वयंपाकघरात "आज मी पिठलं करते" असं हौसेने म्हणण्याआधी ही सगळी यंत्रणा समजून घ्यावी.

7. न्यायचं काय, आणि डब्यांचं काय

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचं पीठ. तिकडे आता सगळं मिळतं म्हणतात, पण घरच्या भाजणीची चव मिळत नाही. मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि ताजा कढीपत्ता मात्र नेऊ नये; विमानतळावर काढून घेतात. जे नेलं असेल ते फॉर्मवर किंवा विचारल्यावर सरळ सांगावं. हापूस हवाच असेल तर त्यांनी तिकडेच विकत घ्यावा. 2007 साली लासलगावच्या केंद्रात विकिरण करून तो रीतसर अमेरिकेत जायला लागला. आपल्या बॅगेतून तो जात नाही, कितीही हळहळ वाटली तरी.

सगळा खाऊ पहिल्याच घरी रिकामा करू नये. आम्ही घरागणिक पिशव्या बांधून त्यांवर नावं घातली होती. परतीचा खाऊही असतोच. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात दह्याचे रिकामे डबे रचून ठेवलेले असतात. निघताना त्यांतूनच दशम्या, लाडू, दहीभात हातात पडतो. डबा रिकामा परत करू नये, हा आपल्याकडचा रिवाज. परत करायला आम्ही मागे येणार नव्हतो, म्हणून एडिसनच्या डब्यातून ओहायोत लाडू गेले, ओहायोच्या डब्यातून नेपरव्हिलला चिवडा. एकमेकांना कधी न भेटलेली घरं एकमेकांच्या हातचं खाऊन मोकळी झाली.

8. म्हाताऱ्या माणसांना जास्त वेळ द्या

दोन रात्रींचा नियम मी आत्यासाठी मोडला. ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गेलेली. अमेरिकेने 1965 च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत काढून टाकली आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर तिकडे जायला लागले, त्या लाटेतली. भारतातून बाहेर पडताना तेव्हा हातात आठ डॉलर मिळायचे, हे तिच्या पिढीतला प्रत्येकजण सांगतो. काका गेल्यापासून ती एकटी राहते. शहरातल्या शहरात गाडी चालवते, हायवेवर नाही.

तिच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एरोग्रामची गठ्ठी होती. निळसर, घड्यांवर फाटलेली. आता तिला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचायला बसले. बहुतेक पत्रं माझ्या वडिलांची होती. मजकूर संपला तरी जागा वाया जाऊ नये म्हणून समासात उभं, मग पत्त्याच्या कडेने आडवं लिहिलेलं. गोडेतेलाचा भाव, विहिरीला लागलेलं पाणी, आणि एका कोपऱ्यात, "मोठीला शाळेत घातलं. रडली नाही." मोठी म्हणजे मी. आत्या म्हणाली, "हे पत्र पोचायला बारा-पंधरा दिवस लागायचे. तोवर तू रडायला लागली असशील." आणि आम्ही दोघी हसलो.

अशा घरी फिरायचा बेत आखून जाऊ नये. त्यांची राहिलेली कामं करावीत: उंचावरचा बल्ब, फोनमधलं अक्षर मोठं करणं, दूरच्या भारतीय दुकानातून महिन्याचं सामान. बोलायला सवंगडी नसतो म्हणून ही माणसं तेच तेच सांगतात. दुसऱ्यांदाही पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकावं.

9. मुलांची परीक्षा घेऊ नका

"मराठी येतं का? म्हणून दाखव बरं काहीतरी!" असं कोणी म्हटलं की पोर सरळ तळघरात पळतं. तिकडची महाराष्ट्र मंडळं रविवारी मराठी शाळा चालवतात, पालक गाडी हाकत मुलांना नेतात. आपण त्या कष्टांवर दोन मिनिटांत गुण द्यायला बसू नये. पत्त्यांचा डाव मांडावा. बदामसातमध्ये "पास" सोडून सगळं मराठीत आपोआप येतं. नेपरव्हिलच्या भाच्याने दुसऱ्या रात्री मला "आत्या, तू चिटिंग करते" असं बजावलं. व्याकरण राहू द्या, आरोप बरोबर होता.

10. पैशाचा विषय उघड काढू नका, पण टाळूही नका

पाकीट पुढे केलं तर अपमान वाटतो. एक रात्र सगळ्यांना बाहेर जेवायला न्यावं आणि बिल येण्याआधीच उठून देऊन यावं. त्यांच्या गाडीतून फिरलो तर पेट्रोल आपण भरावं. त्यांची गाडी चालवायला मात्र मागू नये. विम्याचा प्रश्न येतो आणि त्यांना नाही म्हणता येत नाही.

11. फेड डिसेंबरात

हीच माणसं नाताळच्या सुट्टीत भारतात येतात. तीन आठवडे, चार बॅगा, पन्नास घरं. प्रत्येक घरी "एवढंच? जेवून नाही जाणार?" आम्हीही आजवर असंच रुसत आलो. आता तशीच घरं घेत फिरून आल्यावर कळतं की त्या अर्ध्या तासासाठी त्यांनी काय काय सोडलेलं असतं. म्हणून यंदापासून आमच्याकडे येणाऱ्याला पंगत नाही, आहेर नाही, "अजून दोघांना बोलावलंय" नाही. हवं तर दुपारी येऊन झोपावं, उठल्यावर चहा घ्यावा, आणि पुढच्या घरी जावं. मावसभावाला तसं कळवलं, तर त्याचं उत्तर आलं: "चालेल. पण पिठलं-भाकरी ठेव."