पिवळं ‘कब’ घ्यायचं, तर खिशात किती हवेत?

पायपर जे-३ ‘कब’ विकाऊ असल्याची जाहिरात पाहिली की आकडा फार मोठा वाटत नाही. उडतं, कागदपत्रं नीट असलेलं विमान अमेरिकेत साधारण ३५ ते ६० हजार डॉलरला मिळतं. सुटं करून गोदामात ठेवलेलं, ‘प्रोजेक्ट’ म्हणून विकलं जाणारं १०-१५ हजारांतही मिळून जातं. हौशी माणसाचं मन त्या दुसऱ्या जाहिरातीकडे धावतं. ते आवरा, असं मी सांगेन. का, ते पुढच्या हिशोबात कळेल. आकडे ढोबळ आहेत. राज्य बदललं, विमानतळ बदलला की तेही बदलतात.

पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनच्या कारखान्यात १९३८ ते १९४७ या काळात अशी वीस हजारांच्या आसपास विमानं तयार झाली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, बहुतेकांना ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन, १२ गॅलनची टाकी आणि ताशी ७५ मैलांच्या आसपास वेग. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. प्रॉपेलर हाताने फिरवायचा. एरॉन्का चॅम्प, एरॉन्का चीफ, टेलरक्राफ्ट ही त्याच पठडीतली भावंडं, आणि खर्चाचं गणितही जवळपास तेच. यातलं चीफ आपल्याकडे अगदीच परकं नाही. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने १९५८ मध्ये उडवलेलं ‘पुष्पक’ त्याच्याच घडणीवरचं होतं, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिक त्यावर शिकले.

पैशांआधी एक प्रश्न सोडवा: विमान तुमच्या नावावर होईल का? अमेरिकेत व्यक्तीच्या नावे नोंदणीसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी व्हिसावर असाल तर थेट नोंदणी होत नाही. ट्रस्टमार्फत मार्ग काढतात, पण त्याची वार्षिक फी आणि वकिलाचा खर्च हिशोबात धरा. शिवाय अनेक राज्यांत खरेदीनंतर विक्रीकर किंवा वापरकराची नोटीस घरी येते. ४० हजारांच्या विमानावर सात टक्के म्हणजे २,८०० डॉलर. ही रक्कम बाजूला न ठेवता सौदा करू नका.

आता तपासणी. विकणाऱ्याचा मेकॅनिक कितीही सज्जन असला तरी आपला मेकॅनिक न्या, आणि तोही कापडी विमानांवर हात बसलेला. पाचशे ते हजार डॉलर घेईल. त्याने आधी लॉगबुकं वाचावीत, मग विमान पाहावं. पायपरच्या पंखांना खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्या, म्हणजे लिफ्ट स्ट्रट, आतून गंजतात. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्रा कागदासारखा, असं होतं. म्हणून एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाचा, सक्तीचा आदेश आहे: जुन्या पद्धतीचे स्ट्रट दर २४ महिन्यांनी तपासायचे, नाहीतर सीलबंद नवे बसवायचे. नवे बसवले की ती वारंवार तपासणी संपते, पण चारही बदलायला काही हजार डॉलर लागतात. लॉगबुकात या आदेशाची नोंद सापडली नाही तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. शेपटीजवळच्या खालच्या नळ्यांतही पाणी साचतं. तिथलं कापड थोडं उघडून पाहू द्यायला मालक तयार नसेल, तर नमस्कार करून निघा.

पुनर्बांधणीचा खर्च सगळ्यात जास्त फसवतो, कारण सामान तसं स्वस्त असतं. पॉलिएस्टरचं कापड, चिकटवायचं सिमेंट, टेप, दोरा, रंग हे सगळं सात-आठ हजार डॉलरमध्ये येतं. पैसा जातो तो तासांत. सांगाडा वाळूच्या माऱ्याने साफ करायचा, कुजलेली नळी कापून नवी वेल्ड करायची, प्रायमर द्यायचा, मग कापड. कापड चिकटवून झालं की इस्त्रीने आवळतात. तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत शेवटी ३५० अंश फॅरनहाइटवर नेतात. त्यापुढे गेलं की कापड उलट ढिलं पडायला लागतं, त्यामुळे थर्मामीटर लावून पारखलेलीच इस्त्री चालते. मग पंखाच्या एकेका फासळीवर लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरलेल्या अंतरावर टाके. पंख उभा धरून दोघांनी दोन बाजूंना बसायचं आणि सुई आरपार द्यायची-घ्यायची. हे काम उरकता येत नाही. त्यावर चंदेरी थर, कारण पॉलिएस्टरचा खरा शत्रू ऊन. अंधारात पंखाच्या आत दिवा धरायचा. बाहेरून उजेड दिसला की आणखी एक हात मारायचा. असं केलेलं आणि हँगरमध्ये ठेवलेलं कापड पंचवीस-तीस वर्षं सहज टिकतं. उघड्यावर, उन्हात त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं.

पूर्ण पुनर्बांधणीला हजार तासांच्या पुढे श्रम लागतात. मेकॅनिकचा दर ताशी शंभर डॉलर धरला तरी मजुरीच लाखावर जाते. हे काम तुम्ही स्वतः करू शकता, त्याला कायद्याची परवानगी आहे. मात्र परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली, आणि शेवटी सही त्याची. तसं केलं तर हिशोब असा: प्रोजेक्ट विमान १२ हजार, कापड-रंग ८ हजार, इंजिनचं ओव्हरहॉल २५ हजार, स्ट्रट, टायर, काचा, उपकरणं, किरकोळ मिळून १० हजार. बेरीज ५५ हजार, आणि संध्याकाळी-शनिवारी काम करणाऱ्याची तीन-चार वर्षं. तेवढ्याच पैशांत उडतं विमान आज मिळतं. घडवण्यातच ज्याला आनंद आहे त्याने प्रोजेक्ट जरूर घ्यावा. तो आनंद खरा आहे. पैसे वाचतील म्हणून मात्र घेऊ नये.

सांभाळण्याचा वार्षिक खर्च मध्यम आकाराच्या गावात साधारण असा पडतो: हँगर महिना ३५० प्रमाणे ४,२०० डॉलर, विमा १,२००, वार्षिक तपासणी १,५००, आणि त्या तपासणीत जे निघेल त्यासाठी आणखी १,५००. एकूण ८,४००. विमान उडो न उडो, हे लागणारच. मोठ्या शहराजवळ हँगरचं भाडं दुप्पट होतं. शेपटीचं चाक असलेल्या विमानाचे तास तुमच्याकडे कमी असतील तर विमाही वाढतो, म्हणून विमान घेण्याआधीच प्रशिक्षकाबरोबर ते तास करून टाका.

उडवण्याचा खर्च त्या मानाने थोडा. ताशी साडेचार गॅलन, गॅलनला साडेसहा डॉलर धरले तर इंधन २९ डॉलर. ओव्हरहॉलमधलं अंतर १,८०० तास. २५ हजारांचा भार ताशी १४ डॉलर. तेल तीन डॉलर. म्हणजे वर्षात ७५ तास उडवलंत तर सगळं मिळून तास पडतो १५८ डॉलरला, आणि २५ तासच उडवलंत तर ३८२ ला! भाड्याने सेसना १७२ त्याच्या निम्म्यात मिळतं. शिवाय पडून राहिलेलं इंजिन तास भरण्याआधी गंजाने जातं, तेव्हा कमी उडवून पैसे वाचत नाहीत. एक विश्वासू भागीदार मिळाला तर ८,४०० चे ४,२०० होतात. दोन भागीदार असतील तर २,८००. लेखी करार करा, आणि बाहेर पडू इच्छिणाऱ्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

खासगी वैमानिकाचं लायसन्स असेल तर बरीच कामं मालकाला स्वतः करता येतात: तेल बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं, टायर बदलणं, कापडाला छोटं ठिगळ लावणं. या इंजिनात जेमतेम चार क्वार्ट तेल मावतं आणि मूळ रचनेत फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. म्हणून दर २५ तासांनी तेल बदला आणि जाळीत धातूचे कण दिसतात का ते बघा. केलेलं प्रत्येक काम तारखेसह लॉगबुकात लिहून सही करा. वार्षिक तपासणीची सही मात्र त्यासाठी खास अधिकार असलेल्या मेकॅनिकचीच लागते. पॅनेल उघडणं, धुणं-पुसणं, वंगण देणं ही कामं तुम्ही करता का, असं त्याला आधी विचारा; बरेचजण हो म्हणतात आणि बिल कमी होतं. लाकडी प्रॉपेलर असेल तर ऋतू पालटला की त्याच्या बोल्टांचा ताण तपासायला सांगा, कारण हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं-आकसतं.

आणि ही सगळी बेरीज करण्याआधी आपल्या विमानतळाच्या ऑफिसात जाऊन हँगर रिकामा आहे का ते विचारा. अनेक ठिकाणी प्रतीक्षायादी काही वर्षांची असते. विमान शोधायला लागण्याआधी त्या यादीत नाव घाला.