सहजप्रवृत्ती, रूढी आणि विवेक

मानवी वर्तनामागे सहजप्रवृत्ती, रूढी आणि विवेक अशा तीन प्रेरणा असतात. मालवणच्या किनाऱ्यावर मला त्या एकत्र दिसतात. खवळलेल्या दर्याचे भय ही सहजप्रवृत्ती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच होडी लोटायची, ही रूढी. पावसाळा हा पुष्कळशा माशांच्या विणीचा काळ, म्हणून जाळी आवरायची, हा विवेक. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यान्वये यांत्रिक नौकांना सामान्यतः १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पौर्णिमा मात्र बहुधा ऑगस्टमध्ये येते. यंत्रामुळे भयही ओसरले आहे. मग मधल्या दिवसांत थांबायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. रूढीने जे नकळत राखले, ते यापुढे समजून-उमजून राखावे लागेल, असे मला वाटते.