आत्महित आणि परहित : उपासिकेसाठी एक पाठ

आपल्या वस्तीतील पुष्कळ घरांत हे दृश्य रोज दिसते. सर्वांची जेवणे उरकतात आणि मग आई उरलेसुरले ताटात घेऊन बसते. भाजी संपली असेल तर चटणीवर भागवते. अंगात कणकण असली तरी "मला काही होत नाही" म्हणून कामाला लागते. आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो, पण तिचे ताट आधी वाढत नाही.

या त्यागाची किंमत शरीर मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत शेवटी आणि अपुरे जेवणे हे त्यांतील एक.

धम्माला असा त्याग अपेक्षित आहे काय?

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात तथागतांनी माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत. एक, जो ना स्वतःचे हित साधतो ना दुसऱ्याचे. दुसरा, जो केवळ परहित साधतो. तिसरा, जो केवळ आत्महित साधतो. चौथा, जो दोन्ही साधतो. यांत चौथा सर्वश्रेष्ठ, हे आपण सहज मान्य करू. परंतु केवळ परहित साधणाऱ्यापेक्षा आत्महित साधणाऱ्याला तथागतांनी वरचे स्थान दिले आहे, हे वाचून आपण थबकतो. येथे आत्महित म्हणजे चैन नव्हे; लोभ, द्वेष व मोह यांपासून आपले चित्त मुक्त करणे होय. मात्र थकलेल्या, उपाशी देहाला आणि मनातल्या मनात कुढणाऱ्या चित्ताला ही साधना कशी जमावी?

कोसलनरेश पसेनदी आणि राणी मल्लिका यांचा संवाद प्रसिद्ध आहे. राजाने विचारले, स्वतःहून अधिक प्रिय असे तुला कोणी आहे काय? राजाला वाटले असेल की राणी त्याचेच नाव घेईल. मल्लिका निर्भयपणे म्हणाली, नाही महाराज. तिने उलट तोच प्रश्न केला, तेव्हा राजालाही तेच उत्तर द्यावे लागले. पुढे भगवंतांनी राणीला स्वार्थी ठरविले नाही. प्रत्येकाला स्वतःचा जीव प्रिय असतो, म्हणून कोणी दुसऱ्याला दुखवू नये, असा बोध त्यांनी दिला. म्हणजे स्वतःविषयीची आस्था हीच करुणेची पहिली पायरी ठरली. मेत्ता भावनेचा आरंभही स्वतःपासूनच करावा, असे आचार्य बुद्धघोषांच्या विशुद्धिमार्गात सांगितले आहे.

सोणा थेरीची कथा आणखी जवळची आहे. अट्ठकथेनुसार तिला दहा मुले होती. तिने सारी मालमत्ता मुलांना वाटून दिली आणि मग त्यांच्याच घरी तिची उपेक्षा झाली. उतारवयात ती भिक्षुणी संघात गेली. आता या वयात काय होणार, असे ती म्हणाली नाही. तिने रात्रीचा दिवस करून साधना केली. पुढे तथागतांनी वीर्यवान भिक्षुणींमध्ये तिला अग्रस्थान दिले.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच विचार आपल्या काळात मांडला. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथील महिला परिषदेत त्यांनी सांगितले की, पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची व्हावे, दासी होण्याचे नाकारावे. दासीला स्वतःचे सुख नसते. बरोबरीच्या माणसाला असते.

भगिनींनो, सुरुवात लहान गोष्टींनी करा. सर्वांसोबत जेवायला बसा. आजार अंगावर काढू नका. दिवसातील अर्धा तास वाचनासाठी किंवा ध्यानासाठी राखा आणि त्या वेळेत कोणी हाक मारली तर "थोड्या वेळाने" असे म्हणा. पहिल्या दिवशी मनाला टोचेल. आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटेल. ते टोचणे म्हणजे पाप नव्हे, ती जुनी सवय आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, हा पाठ केवळ आईसाठी नाही. आज घरी गेल्यावर तिचे ताट तुम्ही वाढा.

अभ्यासासाठी प्रश्न
१. चार प्रकारच्या माणसांत आपण कोठे आहोत?
२. मल्लिकेचे उत्तर स्वार्थाचे का ठरत नाही?
३. आपल्या घरात शेवटी कोण जेवते?

नमो बुद्धाय! जय भीम!