डायव्हर्टिक्युलायटिस : बरे होण्याचा जमाखर्च

दुखणे थांबले म्हणजे माणूस बरा झाला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. गेल्या वर्षी आमच्या काकांना डायव्हर्टिक्युलायटिस झाला, तेव्हा हा समज किती अपुरा आहे हे घरातच पाहावयास मिळाले.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत जेथे रक्तवाहिन्या शिरतात, तेथे ती थोडी कमकुवत असते. वयोमानाप्रमाणे अशा जागी आतील अस्तर बाहेर डोकावून लहान पिशव्या बनतात. पुष्कळांना त्यांचा पत्ताही लागत नाही. परंतु एखादी पिशवी सुजली की पोटात सतत दुखते व ताप येतो. पाश्चात्त्य देशांत हे दुखणे बहुधा डाव्या बाजूस असते. आशियात उजवीकडेही बरेच आढळते, म्हणून प्रथम अपेंडिक्सची शंका येते.

दुखणे साधे असेल तर विश्रांती व पातळ आहार हा मुख्य उपचार. प्रतिजैविके प्रत्येकास लागतातच असे नाही. ते डॉक्टर ठरवितात. काकांना आधी नारळपाणी व गाळलेले सार, मग पेज व मऊ भात, असा क्रम सांगितला होता. चौथ्याच दिवशी काकांनी हट्टाने ज्वारीची भाकरी खाल्ली आणि रात्री पुन्हा पोट धरून बसले. काकू घाबरल्या. त्यांनी पुढे दोन महिने मऊ भाताखेरीज काही दिले नाही. परिणामी बद्धकोष्ठ जडले!

दोन्ही चुकाच. सूज असताना चोथा कमी हवा. सूज उतरल्यावर भाकरी, डाळी, भाज्या हळूहळू वाढवून भरपूर पाणी प्यावे. पेरू-तिळाच्या बिया पिशवीत अडकतात ही भीतीही निराधार ठरली आहे. अमेरिकेत 47,228 पुरुषांची 18 वर्षे पाहणी झाली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दाणे व मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला नाही.

मात्र ताप चढला, दुखणे वाढले, उलट्या झाल्या किंवा शौचातून रक्त गेले, तर तात्काळ रुग्णालय गाठावे. सहा ते आठ आठवड्यांनी दुर्बिणीने आतडे तपासण्याचा सल्ला मिळाल्यास टाळू नये.

आमचे डॉक्टर कन्नडभाषक. ते काकांना एवढेच म्हणत, “निधान, निधान!” कन्नडात निधान म्हणजे सावकाश; मराठीत निधान म्हणजे ठेवा. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला दोन्ही अर्थ पटले. आरोग्याची ठेव एका दिवसात भरून निघत नाही. ती थोडी थोडी, सावकाशच साठवावी लागते.