वसंतासाठी जरबेरा: पाच कुंड्यांना खर्च किती?

फेब्रुवारी-मार्चमध्ये बाल्कनीत डेझीच्या घाटाची मोठी, ठसठशीत फुलं हवी असतील तर जरबेरा घ्यावा. युरोपातल्या हिरवळीवरची बुटकी इंग्लिश डेझी आपल्याकडे थंडी सरली की मान टाकते. जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातला. आपलं कोवळं ऊन त्याला मानवतं. तळेगाव-मावळात त्याची हरितगृहं आहेत, त्यामुळे पुण्याच्या आसपास रोपं सहज मिळतात.

रोप घेताना मात्र एक गोष्ट आधी विचारा: हे कुंडीतलं की हरितगृहातलं? हरितगृहातल्या जाती फुलदाणीसाठी लांब दांड्याच्या केलेल्या असतात आणि उघड्या बाल्कनीत त्या नीट वाढत नाहीत. कुंडीसाठी वीतभर दांड्याची बुटकी जात मागा. शहरातल्या नर्सरीत असं रोप साधारण 80 ते 150 रुपयांना पडतं. साध्या, एकेरी पाकळ्यांचा जुना देशी जरबेरा त्याहून स्वस्त, 40-50 रुपयांपर्यंत मिळतो. फूल लहान, पण झाड काटक. पहिल्यांदाच लावणाऱ्याने निदान दोन कुंड्या याच्या ठेवाव्यात असं माझं मत आहे. पूर्ण उमललेल्या फुलांना भुलू नका. मध्यावर दोन-तीन कळ्या आणि पानांची खालची बाजू स्वच्छ असलेलं रोप उचला. जानेवारीअखेरीस पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनात अनेक नर्सऱ्या एकत्र येतात, तिथे तुलना करता येते.

बियांवर पैसे घालवू नका. जरबेराचं बी फार काळ टिकत नाही, आणि उगवलं तरी फुलासाठी चार-पाच महिने थांबावं लागतं. ऑनलाइन दिसणाऱ्या ‘निळ्या जरबेरा’च्या बिया तर निव्वळ फसवणूक आहे, निसर्गात निळा जरबेरा नाही, दुकानात दिसतो तो रंगवलेला.

खरा पैसा मातीवर खर्च करा. जरबेरा मरतो तो बहुधा साचलेल्या पाण्याने. काळी माती टाळावी. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचं तूस. तूस नसेल तर कोकोपीट. पाच कुंड्यांना हे सगळं 300 रुपयांत बसतं. आठ इंची प्लास्टिकची कुंडी 50-60 रुपयांना येते. मातीची थोडी महाग, पण उन्हाळ्यात मुळं थंड ठेवते. लावताना पानं जिथून फुटतात तो मधला गड्डा मातीच्या वरच राहू द्या. तो पुरला गेला की कूज लागते, मग कोणतंही औषध उपयोगाचं नाही. पाणीही गड्ड्यावर न ओतता कडेने द्या.

बोअरच्या जड पाण्याने नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात; ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोहाची छोटी पुडी कृषी सेवा केंद्रात मिळते. 19:19:19 खत आणि पांढऱ्या माशीसाठी निंबोळी तेलही तिथूनच घ्या, बागकामाच्या आकर्षक बाटल्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. तिन्ही मिळून 400 रुपये धरा.

म्हणजे तीन बुटकी आणि दोन देशी रोपं 400, कुंड्या 300, माती 300, खत-औषध 400: एकूण 1400 रुपयांच्या आसपास. रोज सकाळचं चार-पाच तास ऊन फुकट मिळतं, पण ते नसेल तर हा खर्च करूच नका; सावलीत नुसती पानं वाढतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी बांधावी लागेल, तिचे आणखी शंभर-दीडशे.

फूल काढताना कात्री नको. दांडा बुडाशी धरून किंचित पिळत ओढा, म्हणजे मागे खुंट उरून कुजत नाही. दोन वर्षांनी झाड दाटलं की फुटवे मुळांसकट वेगळे करून लावा. तेव्हा रोपांचा खर्च शून्य, फक्त माती आणि खत.