खिदमतीचा धंदा: आधी गिऱ्हाईक, मग मशीन

साजगाव, खोपोली आणि कर्जतकडील काही होतकरू तरुण अलीकडे एकच बेत घेऊन आमच्याकडे येतात. वस्तीतील गरजू भगिनींसाठी शिलाई केंद्र काढायचे, त्यांना हलाल रोजी मिळवून द्यायची. नियत नेक आहे. पण बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मशीन कोण देईल?’ आमच्या मते पहिला प्रश्न असावा, ‘माल कोण घेईल?’ चंद्यातून मशीन येते, पण केंद्र टिकते ते विक्रीवर. ते बंद पडले तर चंदा देणारा विसरून जातो. नुकसान होते ते त्या रोजीवर घर चालवणाऱ्या विधवेचे. म्हणून चार गोष्टी स्पष्टपणे सांगतो.

1. बाजार आधी पाहा

कार्तिकी एकादशीची साजगावची यात्रा सुक्या मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे दुकान लावणारा कोणीही, कोणता माल उठतो हे पाहिल्याशिवाय माल भरत नाही. शिलाई केंद्रालाही हाच नियम लावा. खोपोलीत कारखाने आहेत, तालुक्यात शाळा आणि दवाखाने आहेत. कामगारांचे कपडे, शाळेचे गणवेश, चादरी, उशांचे अभ्रे यांची चौकशी करा. किमान दोन गिऱ्हाइकांची लेखी ऑर्डर हाती आल्यावरच मशीन घ्या. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका.

2. एका नगाचा हिशेब करा

समजा, परकर शिवायचे आहेत. एका नगाला कापड 80 रुपये, दोरा-नाडी 6, शिलाई 25, भाडे-वीज 9, वाहतूक 5. एकूण 125 रुपये. घाऊक दुकानदार 130 देतो, तेही दीड महिन्याच्या उधारीवर. 500 नगांवर 2,500 रुपये नफा दिसतो, पण त्यासाठी 62,500 रुपये अडकून पडतात. त्यातले 20 नग शिलाई वाकडी म्हणून परत आले की सारा नफा गेला. भगिनींची मजुरी मात्र थांबवता येत नाही, ती वेळेवर देण्याची ताकीद नबी (स.) यांनी दिली आहे. म्हणून मशीनच्या रकमेशिवाय दोन महिन्यांच्या खेळत्या भांडवलाची सोय आधी करा.

‘उद्यम’ नोंदणी जरूर करा. ती मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नका. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे.

3. जकात आणि भांडवल वेगळे ठेवा

जकातीचे हकदार कोण, हे सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत सांगितले आहे. जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी, असा उलमांचा सर्वसाधारण कौल आहे. म्हणून जकातीतून हकदार भगिनीला तिच्या स्वतःच्या मालकीची मशीन देता येईल. केंद्राचे भाडे, व्यवस्थापकाचा पगार किंवा कापडाची खरेदी त्यातून करू नका. शंका आल्यास आपल्या भागातील मुफ्तींना विचारा. वह्या दोन ठेवा, बँक खातीही दोन ठेवा.

धंद्याच्या भांडवलासाठी मुदारबतचा मार्ग आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा आणि निष्काळजीपणाशिवाय आलेला तोटा भांडवलावर पडायचा. हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर नबी (स.) यांनी व्यापार केला होता. पण व्यवहार लेखी असावा. सूरह बकराची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत, आणि ती उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याबाबतच आहे. ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद टाळू नका.

4. लिज्जतकडून शिका

15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी आणून त्यावर पापड वाळवले. स्वस्तातला दुय्यम माल काढू नका आणि हिशेब चोख ठेवा, हा छगनलाल करमसी पारेख यांचा सल्ला त्यांनी मानला. संस्थेची नोंदणी झाली 1966 मध्ये. आपल्याकडे मात्र आधी पाटी, अध्यक्ष आणि उद्घाटन ठरते. गिऱ्हाईक मागाहून शोधतात.

शेवटी आमचा सल्ला इतकाच. पाच मशीनवर सहा महिने काम करून पाहा. मग मिळालेला चंदा वगळून वही तपासा. पूर्ण मजुरी देऊन काही उरत असेल तर केंद्र वाढवा. उरत नसेल तर उधारी वाढण्याआधी ते थांबवा, भगिनींची बाकी चुकती करा आणि त्यांना एखाद्या चालत्या कारखान्यात काम मिळवून द्या. तीही खिदमतच आहे. अल्लाह आपल्या प्रयत्नांत बरकत देवो.