सांध्यातला न थांबणारा सिग्नल

संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुडघे चोळत बसलेली आजी येते. म्हातारपणाचं दुखणं, आपला काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण मित्रांनो, सांधेदुखीचे प्रकार अनेक आहेत. आजीचे गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा झिजेमुळे. मी लिहिणार आहे ते ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल, ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात. हा विशी-तिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर हल्ला चढवते.

मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी. माझ्या आत्याला हा आजार आहे. तिच्या फाइलमधले शब्द समजून घेताना लक्षात आलं, की अरे, हे तर आपल्याच सिलॅबसमधलं आहे! सिग्नल, रिसीव्हर, अँड गेट, फीडबॅक. त्यामुळे बारावीनंतर बायॉलॉजीला रामराम ठोकलेल्यांनीही हा लेख बिनधास्त वाचावा.

पेशी एकमेकींशी बोलतात कशा?

संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी शरीरभर फिरत असतात. त्यांच्यामध्ये वायर नाही. निरोप पोचवायचा तर पेशी एक छोटं प्रोटीन बाहेर सोडते. त्याला सायटोकाइन म्हणतात. ज्या पेशीवर त्या सायटोकाइनचा रिसेप्टर आहे तिलाच तो निरोप ऐकू येतो. रेडिओ योग्य फ्रीक्वेन्सीला लावल्याशिवाय स्टेशन लागत नाही, तसंच.

रिसेप्टर पेशीच्या भिंतीत असतो आणि जीन्स आत केंद्रकात. मग निरोप आत जातो कसा? त्याचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे जॅक-स्टॅट. रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला जॅक नावाची एन्झाइम्स चिकटलेली असतात. बाहेर सायटोकाइन येऊन बसलं की रिसेप्टरचे भाग जवळ येतात, जॅक एकमेकांना फॉस्फेट लावून चालू करतात आणि मग स्टॅट नावाच्या प्रोटीनलाही फॉस्फेट लावतात. स्टॅटची जोडी जमते, ती केंद्रकात शिरते आणि ठरावीक जीन्स चालू करते. माणसात जॅक चार आणि स्टॅट सात. एवढ्यावर कितीतरी सायटोकाइन्सचं काम भागतं. जॅक हे नाव आज दोन तोंडांच्या रोमन देवावरून, जेनसवरून, सांगतात. पण सुरुवातीला संशोधक त्याला गमतीने ‘जस्ट अनदर कायनेज’ म्हणायचे!

अँड गेट आणि ब्रेक

हल्ल्याचा हुकूम देण्यात टी पेशींचा मोठा वाटा असतो. चुकून हुकूम सुटू नये म्हणून निसर्गाने तिथे चक्क अँड गेट बसवलं आहे. पहिला इनपुट : दुसऱ्या पेशीने समोर धरलेला प्रोटीनचा तुकडा टी पेशीने ओळखला पाहिजे. दुसरा इनपुट : त्याच पेशीकडून सीडी-२८ या रिसेप्टरला दुजोरा मिळाला पाहिजे. दोन्ही आले तरच आउटपुट. नुसता पहिला आला तर टी पेशी उलट थंड पडते.

शिवाय ब्रेकही आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं की काही टी पेशींचं कामच मुळी इतरांना आवरण्याचं असतं. या नियंत्रक पेशींमागचं फॉक्सपी-३ हे जीन २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून पुढे आलं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सांध्यात बिघडतं काय?

सुरुवात नेमकी कशाने होते हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. काही जीन्समुळे धोका वाढतो. सिगारेटमुळेही वाढतो (हॉस्टेलच्या गच्चीवरच्या मंडळींनी नोंद घ्यावी). प्रोटीनमध्ये एक छोटा रासायनिक बदल होतो, शरीर त्या बदललेल्या प्रोटीनला परकं समजतं आणि त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी याच अँटिबॉडी शोधते. कित्येकदा त्या दुखणं सुरू होण्याच्या काही वर्षं आधीच रक्तात असतात.

पुढे सांध्याच्या आतल्या अस्तरात पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यातल्या मॅक्रोफेज टीएनएफ नावाचं सायटोकाइन सोडतात. टीएनएफमुळे शेजारच्या पेशी आयएल-१ आणि आयएल-६ सोडतात. त्यामुळे आणखी पेशी येतात, त्या आणखी टीएनएफ सोडतात. गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर आला की ‘कूंऽऽ’ करून हॉल दणाणतो ना, तेच. पॉझिटिव्ह फीडबॅक! अस्तर सुजून जाड होतं, कूर्चा खाल्ली जाते, हाड पोखरणाऱ्या पेशी कामाला लागतात. आयएल-६ रक्तातून यकृतापर्यंत जातं, म्हणून सीआरपी वाढतो. रक्त कमी होतं, थकवा येतो. म्हणजे दुखणं बोटांत असलं तरी आजार सगळ्या शरीराचा.

कोणती वायर कापायची?

१९८० च्या दशकात अनेकांना वाटायचं, इतकी सायटोकाइन्स आहेत, एक बंद करून काय होणार? दुसरं त्याची जागा घेईल. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (जन्म आपल्या लुधियान्याचा) यांनी ते तपासून पाहिलं. रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांनी फक्त टीएनएफ अडवला. आयएल-१ सुद्धा खाली आलं! हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही वायर वरच्या टोकाची होती. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये टीएनएफविरोधी अँटिबॉडी पहिल्यांदा रुग्णांना दिली. १९९४ मध्ये ७३ रुग्णांच्या चाचणीत, खोट्या औषधाशी तुलना करूनही, गुण सिद्ध झाला. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

मग इतर वायरींकडेही लक्ष गेलं. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या आयएल-६ वरच्या कामातून टोसिलिझुमॅब आलं. अँड गेटचा दुसरा इनपुट अडवणारं अबाटासेप्ट २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जॅक अडवणारी टोफासिटिनिबची गोळी २०१२ मध्ये. ही औषधं महाग. पण डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने टीएनएफ अडवणाऱ्या अडालिमुमॅबची देशी आवृत्ती आणली.

फुकट काहीच नाही

हाच टीएनएफ क्षयाच्या जंतूंभोवती पेशींची भिंत टिकवून ठेवतो. तो अडवला तर झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्या देशात क्षय किती आहे हे सांगायला नको. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतातच. जॅकच्या गोळ्यांबद्दल हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरचा धोका लक्षात घेऊन अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये कडक इशारा दिला. सिग्नल कापला की त्याचं चांगलं कामही थांबतं, हे विसरून चालत नाही.

बहुतेकांचे उपचार मात्र मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त गोळीने सुरू होतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात कुणी घेत असेल तर वार ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आत्याचं काय झालं तेही सांगते. पहिलं दीड वर्ष ती कुणीतरी आणून दिलेल्या पुड्या घेत होती. त्यात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं दबतं आणि माणूस खूश होतो. आत्याही खूश होती. तेवढ्यात तिची बोटं वाकडी झाली. आता औषधाने सूज उतरली आहे, पोळ्याही लाटते, पण वाकलेली बोटं सरळ होत नाहीत. आजार पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, आवरणारं आहे, आणि ते लवकर सुरू केलं तर सांधे वाचतात.

तेव्हा रविवारी घरी फोन कराल तेव्हा आई-मावशीला तीन प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-एक तास आखडलेली असतात का? दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात का? हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय का? उत्तर ‘हो’ आलं, तर ‘वय झालं आता’ हे ऐकून घेऊ नका. सांधेविकारतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घ्या. सबमिशन लेट झालं तर सर फार तर दोन मार्क कापतात. इथे उशीर परवडत नाही.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स